तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : एन सिंक, ‘नो स्ट्रिंग्ज अटॅच्ड’ आणि एका आठवड्यातले 24 लाख

गेल्या अंकात जुन्या पॉप बँड्सबद्दल लिहिताना ओघात म्हटलं होतं की एन सिंक या अमेरिकन बँडचा 2000 सालचा अल्बम ‘नो स्ट्रिंग्ज अटॅच्ड’ हा माझ्या मते बॉय बँडवाल्यांच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा रिलीज आहे. त्या एका वाक्यावर एवढे मेल आणि मेसेज आले की यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आणि सगळा कॉलम याच अल्बमला दिला. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’च्या सुरुवातीला तो ज्या गाण्यावर नाचतो ते ‘बाय बाय बाय’ डोक्यात बसलं, मग एन सिंक शोधून काढलं. पण पाच पोरं गातात, नाचतात असे बँड तेव्हा ढिगाने होते ना? मग यांच्याच अल्बमला एवढा भाव का?
– एक कॉलेज विद्यार्थी, नाशिक

उत्तर : ढिगाने होते हे अगदी खरंय. बॅकस्ट्रीट बॉइज, बॉयझोन, वेस्टलाइफ, फाइव्ह, 98 डिग्रीज, नुसता पूर आला होता, आणि आपल्याकडेही केबलवर एमटीव्ही आणि चॅनल व्ही लावलं की हेच चेहरे दिसायचे. त्याच लाटेत नंतर मुंबईत ‘अ बँड ऑफ बॉइज’ पण झाला, तुझ्या मोठ्या भावंडांना विचार, आठवत असेल.

एन सिंक जमला 1995 मध्ये, अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला. ख्रिस कर्कपॅट्रिक, जस्टिन टिंबरलेक, जेसी शाझे, जोई फटोन आणि लान्स बास. पैसा लावला लू पर्लमन नावाच्या माणसाने, आणि याच माणसाने त्याच गावात आधी बॅकस्ट्रीट बॉइज उभे केले होते, म्हणजे एकाच मालकाची समोरासमोर दोन दुकानं. एन सिंकला आधी जर्मनीत पाठवलं, तिकडे नाव झालं, मग 1998 मध्ये अमेरिकेत अल्बम आला. नशीब असं की डिस्ने चॅनलवरचा एक मोठा कॉन्सर्ट आधी बॅकस्ट्रीट बॉइजना ऑफर झाला होता, पण त्यांच्या ब्रायन लिट्रेलचं हार्टचं ऑपरेशन होतं म्हणून तो यांच्याकडे आला, टीव्हीवर दाखवला गेला आणि यांची गाडी सुसाट सुटली.

आणि मग 1999, ज्या वर्षी दुसरा अल्बम यायला पाहिजे होता, ते वर्ष यांनी वकील आणि कोर्टात घालवलं. कारण खाली कोल्हापूरच्या प्रश्नात सविस्तर सांगतो. सुटून बाहेर आले आणि जानेवारी 2000 मध्ये ‘बाय बाय बाय’ वाजायला लागलं. गंमत म्हणजे हे गाणं यांच्यासाठी लिहिलंच नव्हतं, ते ब्रिटनच्या फाइव्ह या बँडला दिलं होतं, त्यांनी नाही म्हटलं. तसं पाहिलं तर साधं ब्रेकअपचं गाणं आहे. पण त्याचा व्हिडिओ बघ : पाच जण कठपुतळ्यांसारखे दोऱ्यांना लटकलेत, वर एक बाई दोऱ्या हलवतेय, मग ती एकेक दोरी कापते आणि हे खाली पडून पळत सुटतात. कोण रेल्वेच्या टपावर, कोण गोल फिरणाऱ्या खोलीत. अल्बमच्या कव्हरवर पण हेच, पाचही जण बाहुल्या झालेले. दोऱ्या कोणाच्या हातात होत्या हे तेव्हा बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. ज्याने बँड बनवला त्याच्याशीच बँड भांडला, सुटला, आणि ते भांडण लपवून न ठेवता कव्हरवर छापून विकलं. याआधी कुठल्या बॉय बँडची एवढी हिंमत झाल्याचं मला तरी माहीत नाही. म्हणून याला एवढा भाव.

प्रश्न : मी 2000 साली लग्न होऊन नुकतीच न्यू जर्सीत आले होते. दुकानापुढे शाळकरी मुलींची ही लांब रांग, आयांसकट, मला वाटलं काय फुकट वाटतायत की काय! दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं की सीडी आलीय. पण एका आठवड्यात 24 लाख हा आकडा खरा की कंपनीने फुगवलेला?
– एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ताई, आकडा खरा आहे आणि तुम्ही रांग डोळ्यांनी बघितलीत म्हणजे तुम्ही साक्षीदारच! 21 मार्च 2000, मंगळवार. अमेरिकेत तेव्हा नवीन अल्बम मंगळवारीच यायचे, शुक्रवारची पद्धत जगभर 2015 पासून आली.

फुगवाफुगवीबद्दल विचारलंत ते बरं केलंत, कारण दोन वेगवेगळे आकडे असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक आकडा असतो कंपनीने दुकानदारांना किती माल पाठवला त्याचा. तो माल परत पण येऊ शकतो, त्यामुळे त्यात हवा असू शकते. दुसरा आकडा म्हणजे गिऱ्हाईकाने काउंटरवर पैसे दिले आणि बारकोड टूं करून स्कॅन झाला त्याचा. साउंडस्कॅन नावाच्या सिस्टिमने 1991 पासून अमेरिकेत हे मोजणं सुरू केलं आणि बिलबोर्ड मासिकाची खपाची यादी त्यावर बनायला लागली. त्याआधी दुकानांना फोन करून विचारायचे काय खपतंय, आणि दुकानदार सांगेल ते खरं. तर एन सिंकचा 24 लाख 16 हजार हा काउंटरवरचा आकडा आहे. त्यातले साधारण 11 लाख तर पहिल्याच दिवशी गेले.

हे किती मोठं होतं ते कळायला आधीचा रेकॉर्ड बघा. मे 1999 मध्ये बॅकस्ट्रीट बॉइजच्या ‘मिलेनियम’ने पहिल्या आठवड्यात 11 लाख 30 हजार विकले आणि तेव्हाच सगळ्यांनी तोंडात बोटं घातली होती. वर्षही झालं नाही तोवर यांनी त्याच्या दुप्पट करून दाखवलं. दोन वर्षं नवीन अल्बमची वाट बघून बघून पोरी थकल्या होत्या, बातम्यांत रोज भांडण, रेडिओवर दोन महिने एकच गाणं वाजतंय, टीव्हीवर टाइम्स स्क्वेअरमधला एमटीव्हीचा शो रोज दुपारी तेच दाखवतोय. आणि अख्खा अल्बम हवा तर सीडी किंवा कॅसेट विकत घेण्याशिवाय सरळ रस्ताच नव्हता. इंटरनेटवरून फुकट गाणी उतरवायचं नॅप्स्टर आलं होतं 1999 मध्ये, पण घरोघरचं इंटरनेट अजून फोनच्या वायरवर चालायचं, एक गाणं उतरायला किती वेळ लागायचा ते तुम्हाला आठवत असेलच. पुढच्या दोनतीन वर्षांत हे चित्र इतकं बदललं की सीडीच्या धंद्याचा हा शेवटचा मोठा भरतीचा काळ ठरला. आठ आठवडे हा अल्बम अमेरिकेत एक नंबरवर होता.

प्रश्न : माझ्या भाच्याचा चार मित्रांबरोबर ग्रुप आहे, गातात, रील्स चांगल्या चालतात. आता एका कंपनीने त्यांना सही करायला कागद दिलाय, त्यात गाणी, शो, मॅनेजमेंट सगळं तेच बघणार असं आहे. पोरं खूष आहेत, मला धाकधूक वाटते. एन सिंकचं त्यांच्या मॅनेजरशी नेमकं काय फाटलं होतं?
– कोल्हापूर

उत्तर : मामा, तुमची धाकधूक योग्य आहे, आणि यावेळच्या सगळ्या पत्रांत मला तुमचंच पत्र सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणून जरा लांब लिहितो.

ही पोरं बँड जमला तेव्हा एक ख्रिस सोडला तर विशीच्या आतली, लान्स बँडमध्ये आला तेव्हा 16 वर्षांचा. पर्लमनने राहायला घर दिलं, गाण्यानाचण्याचे मास्तर दिले, विमानाने फिरवलं, हॉटेलात जेवू घातलं. पोरं त्याला घरचा माणूस समजायची. रोजच्या खर्चाला हातावर 35 डॉलर मिळायचे. अल्बम लाखांनी खपायला लागला, स्टेडियम भरायला लागली, आणि एका रात्री त्याने सगळ्यांना कुटुंबासकट छान जेवायला बोलावलं आणि प्रत्येकाला पाकीट दिलं. लान्स बासने हा प्रसंग नंतर बऱ्याचदा सांगितलाय. पाकीट उघडलं तर आत 10 हजार डॉलरचा चेक. एवढ्या वर्षांच्या मेहनतीचा, एवढ्या खपाचा. तिथून त्यांनी कागद बाहेर काढून वकिलांना दाखवायला सुरुवात केली.

कागदात काय निघालं, तर एकच माणूस सगळ्या खुर्च्यांवर बसलेला. मॅनेजर तोच, पैसा लावणारा तोच, रेकॉर्ड कंपनीशी व्यवहार करणारा तोच. बॅकस्ट्रीट बॉइजच्या बाबतीत तर त्याने स्वतःला बँडचा सहावा मेंबर धरून तोही वाटा घेतला होता, आणि त्यांनी 1998 मध्येच त्याच्यावर केस टाकली होती. आणि ती घरं, ती विमानं, ती जेवणं? तो खर्च बँडच्याच कमाईतून आधी वळता करून घ्यायचा. म्हणजे पोरांना जे प्रेम वाटत होतं ते त्यांच्याच खात्यावर उधार लिहिलेलं होतं.

1999 मध्ये हे बाहेर पडले आणि जाइव्ह रेकॉर्ड्सशी करार केला. त्यावर पर्लमन आणि जुनी रेकॉर्ड कंपनी यांनी 15 कोटी डॉलरचा दावा ठोकला, अल्बम काढू नका म्हणाले आणि एन सिंक हे नाव पण वापरायचं नाही म्हणाले. बँडने उलटा दावा केला. डिसेंबर 1999 मध्ये कोर्टाबाहेर मिटलं, नाव पोरांकडे राहिलं, आणि तीन महिन्यांत अल्बम दुकानात आला. पर्लमनचं पुढे काय झालं तेही सांगतो : लोकांचे 30 कोटी डॉलरच्या वर पैसे बुडवणारी त्याची गुंतवणुकीची स्कीम उघडी पडली, 2007 मध्ये इंडोनेशियात बालीला पकडला गेला, 2008 मध्ये 25 वर्षांची शिक्षा झाली आणि 2016 मध्ये कैदेत असतानाच वारला. त्या स्कीममध्ये साध्या म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी गेली, त्यापुढे बँडचं नुकसान काहीच नाही असं मला वाटतं.

आता तुमच्या भाच्याचा कागद. सही करायच्या आधी असे करार बघणाऱ्या वकिलाला दाखवा, ओळखीतल्या जमीनजुमल्याच्या वकिलाला नको. ग्रुपचं नाव कोणाच्या मालकीचं होणार ते बघा, आणि पोरांनी सोडलं तर यूट्यूब चॅनल आणि इन्स्टा अकाउंट कोणाकडे राहणार तेही, कारण आज नावाइतकंच ते महत्त्वाचं आहे. कंपनी करेल त्या खर्चापैकी कुठला पोरांच्या वाट्यातून कापणार आणि त्याला वरची मर्यादा आहे का ते विचारा. मॅनेजर आणि कंपनी एकच असेल तर पोरांच्या बाजूने कंपनीशी भांडणार कोण, हा प्रश्न तोंडावर विचारा, उत्तर देताना समोरचा कसा बोलतो त्यावरूनच बरंच कळेल. आणि मुदत. पाच वर्षं आणि पुढे कंपनीच्या मर्जीने वाढवता येईल असं काही असेल तर हात आखडता घ्या. दर वर्षाला हिशेब बघायला मिळाला पाहिजे हे लिहूनच घ्या. पोरांना सांगा की थांबल्याने संधी जात नाही, एन सिंकचा अल्बम कोर्टापायी लांबला आणि तरी आधीच्यापेक्षा मोठा झाला.

प्रश्न : ही मुलं स्वतः गाणी लिहीत नाहीत, वाद्यं वाजवत नाहीत, दिसतात बरी म्हणून चालतात. असल्या संगीताला मासिकाची पानं कशाला?
– एक निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर : सर, आदर ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. आशाताईंनी आपली गाजलेली गाणी स्वतः लिहिली नाहीत, त्यांच्या चाली लावल्या नाहीत, म्हणून आपण त्यांचं गाणं कमी लेखतो का? लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा वेगळा असणं ही तर आपल्याकडची जुनीच रीत आहे. बँडने स्वतःच सगळं केलं पाहिजे हा नियम रॉकवाल्यांचा, तो सगळ्यांना लावायचा कशाला?

आणि लिहिणारे कोण होते ते बघा. स्टॉकहोमला कायरॉन नावाचा स्टुडिओ होता, डेनिझ पॉप या माणसाने उभा केलेला, तो 1998 मध्ये फार लवकर गेला आणि मग गाणी लिहिणाऱ्या मॅक्स मार्टिनने आणि बाकीच्यांनी काम पुढे नेलं. त्यांची पद्धत अशी की आधी चाल, तीही इतकी घासूनपुसून की दोनदा ऐकली की पाठ व्हावी, आणि शब्द चालीच्या मापाने नंतर. ‘बाय बाय बाय’ ख्रिस्तियन लुंडिन, जेक शुल्त्झे आणि आंद्रेयास कार्लसन या तिघांचं, त्याच स्टुडिओतलं. कोरसमध्ये ते तीन तुकडे कसे पडतात बघा, प्रत्येक बायनंतर किती मोकळी जागा आहे, आणि त्या जागेत ड्रमचा ठोका एकटा येतो. ती मोकळी जागा सोडायला पण कसब लागतं, नवशिका तिथे दहा वाद्यं भरेल.

शिवाय हा अल्बम नुसता स्टॉकहोमचा नाही. ‘इट मेक्स मी इल’ हे अटलांटाकडच्या आर अँड बी लोकांचं काम, ‘जस्ट गॉट पेड’ या जुन्या गाण्याला निर्माता टेडी रायलीने हात लावला, ‘धिस आय प्रॉमिस यू’ गायक रिचर्ड मार्क्सने दिलं, ‘स्पेस काउबॉय’मध्ये टीएलसी या मुलींच्या बँडची लिसा लोपेस रॅप करते. आणि जेसी शाझेने स्वतः काही गाण्यांत लेखनाला हात लावलाय, ‘डिजिटल गेट डाउन’ त्यातलंच. सगळी गाणी सारखी चांगली आहेत असं मी म्हणणार नाही, ‘ब्रिंगिन दा नॉइज’ मला आजही रटाळ वाटतं, पण ठोकळेबाज अल्बम हा नक्कीच नाही.

प्रश्न : दर वर्षी एप्रिल संपताना जस्टिनच्या फोटोचा तो मे महिन्याचा मीम येतो, तो याच अल्बममुळे का?
– ठाणे

उत्तर : हो, ‘इट्स गॉना बी मी’ या गाण्यामुळे. त्यातला शेवटचा इंग्रजी शब्द ‘मी’ (me) तो ‘मे’ असा गातो. मॅक्स मार्टिननेच तसं गायला सांगितलं होतं असं जस्टिनने सांगितलंय, तोंड जास्त उघडतं आणि सूर दणदणीत लागतो. वर जी मापाची गोष्ट सांगितली ना, तीच इथे. जुलै 2000 मध्ये हे गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं, आणि एन सिंकचं एक नंबरला गेलेलं हे एकच गाणं. ‘बाय बाय बाय’ तिथवर पोचलंच नाही, खूप जणांना हे खरं वाटत नाही.

प्रश्न : आमच्या के-पॉपच्या बँड्सचे अल्बम आता पहिल्या आठवड्यात याहून जास्त जातात, टेलर स्विफ्टने तर सगळंच मोडलं. मग हा रेकॉर्ड जुना झाला ना?
– बीटीएसवाली, नागपूर

उत्तर : मोडला तर मोडलाच, त्यात दुःख कसलं. पण कधी मोडला ते बघ. अमेरिकेतला पहिल्या आठवड्याचा हा आकडा 15 वर्षं कोणालाच हलवता आला नाही, नोव्हेंबर 2015 मध्ये अॅडेलच्या ‘25’ने 33 लाख 80 हजार विकून तो मोडला. मग ऑक्टोबर 2025 मध्ये टेलर स्विफ्टने स्ट्रीमिंग धरून 40 लाखांचा टप्पा पार केला. बॉय बँडमध्ये मात्र अमेरिकेत अजून हाच सगळ्यात वर. कोरियातले आकडे कोरियाच्या याद्यांचे, तिथली मोजणी आणि बाजार वेगळा, ते एका तराजूत घालू नकोस.

आणि तुला माहितीये तुमच्याकडे एकच फॅन किती कॉपी घेतो. वेगवेगळी कव्हरं, आत कुठला फोटोकार्ड निघेल माहीत नाही, फॅनसाइनच्या, म्हणजे कलाकारांना भेटून सही घ्यायच्या, लॉटरीत नंबर लागावा म्हणून अजून दहा. टेलरच्या अल्बमच्या पण कितीतरी आवृत्त्या होत्या. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, फॅन आनंदाने घेतात, पण 2000 मध्ये एक पोरगी साधारण एक सीडी घ्यायची, तेव्हा ते 24 लाख म्हणजे जवळजवळ तेवढीच घरं. हा फरक मनात ठेवून तुलना कर. बाकी बीटीएसचं मला फार कौतुक आहे, त्यांच्यावर वेगळा कॉलम करू या, प्रश्न पाठव.

प्रश्न : हिट गाणी सगळी ऐकलीत. न गाजलेलं एकच सांगायचं तर कुठलं?
– रत्नागिरी

उत्तर : शेवटचं, बारावं. ‘आय थॉट शी न्यू’. एकही वाद्य नाही, फक्त पाच गळे. लिहिलंय रॉबिन वायली यांनी, त्या या पोरांच्या आवाजाच्या शिक्षिका होत्या, त्यामुळे कोणाचा गळा कुठवर जातो आणि कुठे चांगला लागतो हे त्यांना पक्कं ठाऊक. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा जस्टिन आणि जेसीकडे लक्ष जाईल, कारण सवय तीच. दुसऱ्यांदा फक्त लान्सचा खालचा आवाज धरून ऐका, बाकी चौघं त्याच्यावर उभे आहेत. हेडफोन चांगला लागेल, मोबाइलच्या स्पीकरवर तो खालचा आवाज ऐकूच येत नाही.